बंदुकीला खोबरेल

घटस्थापना चार-पाच दिवसांवर आली की ठाण्यात टेंभी नाक्यावर देवीच्या मांडवाचे वासे येऊन पडतात आणि तिकडचं नाव काढलं की रिक्षावाले मान फिरवतात. वर्तकनगरला आमच्या घरात याच दिवसांत रॉकेलचा वास येतो. म्हणजे खरं तर येत नाही, रॉकेल आता मिळतंय कुठे? मी हार्डवेअरवाल्याकडून टर्पेंटाइनची बाटली आणते आणि आप्पा झाकण उघडून नाक मुरडतात. पण माझ्या नाकाने एकदा ठरवून टाकलंय की आश्विन म्हणजे झेंडू आणि रॉकेल. त्याला आता कोण समजावणार.

आप्पा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडचे, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले आणि नंतर डोंबिवलीतल्या एका बँकेच्या दारात बारा बोरची दुनळी घेऊन उभे राहिलेले. त्यांच्या नोकरीत बंदूक स्वतःची लागायची आणि परवानाही स्वतःच्या नावाचा. त्यामुळे आमच्याकडे फ्रिज यायच्या आधी बंदूक आली. नोकरी संपून आता दहा वर्षं झाली, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली. यंदा परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा आप्पांनी कागदपत्रांची पिशवी उघडली आणि तशीच पुन्हा बंद केली.

"आता बास. खंडेनवमीची पूजा करू आन् कल्याणच्या दुकानात देऊन टाकू," ते म्हणाले.

मी हं म्हटलं. त्या बंदुकीच्या उजव्या नळीवर, मागच्या टोकाजवळ, बोटाच्या पेराएवढा एक डाग आहे. तो मी पाडलेला. आप्पा मात्र ज्याने ज्याने विचारलं त्याला तो आपला म्हणून सांगत आले, आणि अठरा वर्षं मी शेजारी उभी राहून ऐकत आले. बंदूक हातातून जायच्या आत, आप्पांच्या देखत, निदान एका तिऱ्हाईतासमोर तरी, हे माझ्या तोंडून निघायला हवं होतं. एवढीच गोष्ट आहे. पण एवढीशी गोष्ट घशातून वर यायला किती वेळ लागतो, हे ज्याचं त्यालाच कळतं.

तेव्हा आम्ही ठाकुर्लीला राहायचो, रुळांपलीकडच्या चाळीत, तळमजल्यावर. पाऊस जाता जाता भिंतींत इतकी ओल मुरवून जायचा की दसऱ्यापर्यंत भिंतीला हात लावला तर गार लागायचं. कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी, कातडी पट्ट्याला कुबट वास, दाराच्या कडीला तांबूस पूड. बाकीचे लोक पाऊस संपला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकायचे आणि आप्पांचं युद्ध त्याच सुमाराला सुरू व्हायचं. "पावसात गंज लपून बसतो, उन्हात भायेर येतो," असं त्यांचं म्हणणं. रविवारी सकाळी फरशीवर जुनं वर्तमानपत्र अंथरलं जाई. आप्पा बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीपाशी उघडून, दोन्ही नळ्या उजेडाकडे धरत, रिकाम्या आहेत ना ते डोळ्याने बघत, मग करंगळी घालून बघत. काडतुसं वेगळ्या पेटीत, वेगळ्या कुलपात असायची, तरीही दोनदा बघत. मग लांब गज, त्याला अडकवायचा पितळी ब्रश, आणि चिंध्या. फौजेत चिंधीचंसुद्धा माप ठरलेलं असतं म्हणे. आईचे जुने परकर फाडून आप्पा त्या मापाचे तुकडे पाडायचे आणि आई दारातून बघत म्हणायची, "माझ्या परकरांचो पण फौजेत नंबर लागलो."

आई कोकणातली, कुडाळजवळची. तिचा खोबरेल तेलावर जितका विश्वास होता तितका बहुधा देवावरही नसेल. केसांना खोबरेल, भेगांना खोबरेल, बिजागऱ्यांना, शिवणयंत्राला, कानात, बेंबीत, झालंच तर माशांच्या कालवणात. आप्पांचा बंदुकीचा तेलाचा डबा आणि आईची निळी बाटली एकाच फळीवर शेजारी शेजारी असायच्या आणि दोघांचं एकमेकांशी जमत नसे.

आप्पांची तेलांबद्दलची मतं ठाम होती, माणसांबद्दलच्या मतांपेक्षा जास्त. रॉकेल चांगलं, कारण ते मळ सोडवतं आणि निघून जातं. पण जाताना लोखंड उघडं टाकून जातं, म्हणून रॉकेल लावून उठायचं नाही, त्याच बैठकीत कोरडी चिंधी आणि मग तेल. चाळीतल्या कुणीतरी पेट्रोल सुचवलं होतं. आप्पा म्हणाले, घरात स्टोव्ह पेटलेला असतो, बंदूक साफ करायला घर जाळू का? टर्पेंटाइन नळीच्या आतल्या काळ्या थराला लागू पडतं, पण थेंब लाकडी दस्त्यावर पडला की पॉलिशला कायमचा चट्टा. शिवणयंत्राचं तेल घोड्याच्या खिळीला ठीक, पण इतकं पातळ की आपल्याकडच्या दमट हवेत दोन दिवसांत कुठे गेलं कळत नाही. शेजारच्या गॅरेजवाल्याने प्रेमाने दिलेलं इंजिनचं तेल त्यांनी प्रेमानेच परत केलं, कारण ते जाड, धूळ धरून बसतं आणि धुळीत पाणी बसतं. तो नवा फवाऱ्याचा डबा निघाला तेव्हा तोही त्यांनी आणून पाहिला. भिजलेल्या बंदुकीतलं पाणी बाहेर काढायला उत्तम, त्याच्या जिवावर महिनाभर निर्धास्त राहायला मात्र नाही. आणि शेवटी खरं बंदुकीचं तेल, तेसुद्धा चिंधीवर चार थेंब. जास्त झालं तर ते उतरून दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड पोचट होतं. म्हणून तेल दिल्यावर बंदूक दिवसभर नळीचं तोंड खाली करून कोपऱ्यात उभी असायची, खाली कागद. लहानपणी मला वाटायचं आप्पांनी तिला शिक्षा केली आहे.

या सगळ्या खटाटोपातली खरी गंमत नंतर कळली. ही बंदूक आप्पांच्या सगळ्या नोकरीत बँकेच्या दारात एकदाही उडाली नाही. कधीच उडू नये म्हणूनच तर ते तिथे उभे होते. आणि तरी ती कुठल्याही क्षणी उडेल अशीच ठेवायची. कुणाला दिसणार नाही, कुणी शाबासकी देणार नाही असं काम त्यांनी दर रविवारी केलं. मला तेव्हा तो वेडेपणा वाटायचा. आता मी रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर द्रावकं तपासते, आणि नवीन आलेली मुलं नोंद न करता बाटली फळीवर ठेवतात तेव्हा त्यांना जे बोलते ते शब्द माझे नसतात.

मी बारावीत होते त्या वर्षी भाद्रपदात चाळीत चिकुनगुन्या आला. त्याने आप्पांना धरलं ते चांगलंच. ताप चार दिवसांत उतरला, पण बोटांचे सांधे सुजून बसले. चहाचा कप दोन तळव्यांत धरायचे. ज्या माणसाने आयुष्यात कधी 'जरा धर गं' म्हटलं नव्हतं तो शर्टाची बटणं लावायला आईला हाक मारू लागला. बँकेत त्यांच्या जागी तात्पुरता एक तरुण गडी आला होता, त्याची बंदूकही नवीकोरी. दसऱ्यानंतर मुख्य कचेरीतून सुरक्षा अधिकारी येऊन सगळ्या रखवालदारांची आणि त्यांच्या बंदुकांची तपासणी करायचे. त्यात माणूस किंवा बंदूक नापास झाली तर त्या नव्या गड्यालाच कायम करणार, हे शाखेत शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. आप्पा हे घरात एकदाच बोलले. नंतर दिवसभर रबरी चेंडू दाबत बसले.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "पोरी, यंदा तू करायचं. मी हितनं सांगतो."

आणि त्यांनी खाटेवरून सांगितलं, मी केलं. नळ्या रिकाम्या आहेत ते दोनदा पाहिलं. रॉकेलची चिंधी, ब्रश, पुन्हा चिंधी, काळी, करडी, पांढरी निघेपर्यंत. मी घाई केली की ते म्हणायचे, "जरा मुरू दे. पी हळद आन् हो गोरी, असं न्हाय चालत लोखंडात." शेवटी नळीतून खिडकीकडे पाहिलं तर आत प्रकाशाची गोल गोल वर्तुळं दिसली. मला फार आवडलं ते. आप्पा थकून भिंतीकडे वळले आणि म्हणाले, "आता तेल दे. आन् उद्या कुंकू दस्त्याला लाव, लोखंडाला न्हाय."

तेलाचा डबा उघडला तर तळाशी एक थेंब. नवं तेल कल्याणला मिळायचं, आणि दोन दिवसांवर माझी सहामाही. मी फळीकडे पाहिलं. निळी बाटली होती. आईला हळूच विचारलं, तर ती म्हणाली, "अगो, खोबरेलान कोणाचा काय बिघडला हा?" सगळ्या बंदुकीला मी खोबरेल चोपडलं. अशी चकाकली की बघत राहावं.

दुसऱ्या दिवशी पाटावर पूजा मांडली. मधोमध बंदूक, बाजूला आईचं शिवणयंत्राचं चाक, विळी, माझी कंपासपेटी. दस्त्याच्या तपकिरी लाकडावर कुंकू काही केल्या उठून दिसेना. मी बोट पाण्यात बुडवलं, हळदीत, मग कुंकवात, आणि काळ्याभोर नळीवर टिळा लावला. अहाहा! काय दिसली म्हणता! आप्पांनी खाटेवरून हात जोडले, त्यांना तेवढ्या लांबून काही दिसलं नसावं. पूजा उतरवताना मी टिळा वरवर पुसला, वरून आणखी थोडं खोबरेल दिलं आणि बंदूक रेक्झिनच्या खोळीत घालून कपाटात ठेवली.

"त्याल दिलंस?"

"दिलं."

"डब्यातलं?"

"हो." हे मात्र माझं मीच बोलले, त्यात आईचाही हात नव्हता आणि खोबरेलाचाही.

दहा दिवसांनी, तपासणीला दोन दिवस उरले असताना, आप्पांनी खोळ उघडायला सांगितली. आधी वास आला. आप्पांनी एकदा बंदुकीकडे पाहिलं, एकदा आईच्या केसांकडे. "चंपी केली व्हय हिची?" म्हणाले. मला हसू आलं, आणि मग नळी दिसली. टिळा होता तिथे बोटाच्या आकाराची तांबूस खपली उठली होती. ओलं कुंकू तेलाखाली कोंडलं गेलं, वरून बंद खोळ, वरून ऑक्टोबर. आज मला कोणी विचारलं तर मी फळ्यावर लिहून दाखवीन काय झालं ते. तेव्हा मी नुसती रडायला लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, अजूनही वाटतं. ते म्हणाले, "रडून गंज निघत न्हाय. कल्याणला जा."

कल्याणच्या जुन्या बाजारात बंदुकांचं एक चिंचोळं दुकान होतं. गल्ल्यावरचे काका जाड चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिले, कारण गणवेशातली मुलगी बंदुकीचं तेल मागायला रोज येत नसावी. मी सगळं सांगितलं. त्यांना सांगायला ते सोपं होतं, अनोळखी होते ना. काका म्हणाले, "बाळा, तेल घेताना दोन प्रश्न विचारायचे. काय काढायचंय आणि काय राखायचंय. काढणारं वेगळं, राखणारं वेगळं. एकाच बाटलीत दोन्ही मागितलं की फसगत." त्यांनी तेलाची छोटी बाटली दिली. मी निघता निघता विचारलं, "काका, आप्पांची बोटं सुजलीत. त्यांना बंदूक उघडताना जोर लावावा लागतो. त्याला काही असतं का?" त्यांनी चष्मा वर केला, आणि एका चपट्या डबीत थोडं ग्रीस दिलं. बिजागरीच्या खिळीवर, टाचणीच्या टोकाएवढं. जास्त नाही.

तो रविवार पूर्ण त्या डागावर गेला. रॉकेलची चिंधी ठेवायची, मुरू द्यायची, मग तांब्याच्या जुन्या पैशाच्या कडेने हलके खरवडायचं. तांबं लोखंडाहून मऊ, म्हणून ते गंज काढतं आणि नळीला ओरखडा पाडत नाही. आई शेजारी बसून आपण होऊन स्वतःचा परकर फाडून चिंध्या करत होती. संध्याकाळपर्यंत तांबूस सगळं गेलं. पण त्याखाली नळीचा काळा मुलामा उडाला होता, बारीक खड्डे पडले होते, आणि ते जाणार नव्हते. आप्पांनी त्यावरून अंगठा फिरवला. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. मी बिजागरीला टाचणीने ग्रीस लावलं ते त्यांना सांगितलं नाही. आपण लावलेल्या गोष्टींबद्दल बोलायची माझी हिंमत तेव्हा संपलेली होती.

तपासणीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले, डब्याची पिशवी त्यांच्या बोटांना धरवत नव्हती म्हणून. बँकेच्या आवारात चार रखवालदार ओळीने उभे. मी बाकावर. सुरक्षा अधिकारी येऊन आप्पांसमोर थांबले, म्हणाले, "खोलो." आप्पांनी नुसता अंगठा सरकवला आणि बंदूक अलगद, लोण्यातून सुरी जावी तशी, उघडली. आप्पांची मान किंचित वर झाली. साहेबांनी नळ्यांतून आकाश पाहिलं, खूश झाले. मग बोट डागावर आलं.

"ये क्या है, हवालदार?"

"साहेब, माझा हलगर्जीपणा," आप्पा ताठ उभे राहून म्हणाले. "आजारपणात लक्ष राहिलं नाही."

हलगर्जीपणा. हा शब्द आप्पा शिवीसारखा वापरायचे, आणि तो त्यांनी चार लोकांत स्वतःला लावून घेतला. मी त्यांच्यापासून पाच पावलांवर होते. तोंड उघडायचं होतं, पिशवी घट्ट धरून बसले. साहेबांनी वहीत शेरा लिहिला आणि पुढे गेले. आप्पांची नोकरी राहिली. पण तो शेरा दर वर्षी नव्या तपासणीत वाचला जायचा, दर वर्षी तोच प्रश्न आणि आप्पांचं तेच उत्तर. निवडणुकीच्या वेळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला जायचो तेव्हा तिथल्या कारकुनालाही तेच. मी बरोबर असायचे. कॉलेजात असताना, नोकरीला लागल्यावर, लग्न झाल्यावरही. दर वेळी ठरवायचे की या खेपेला बोलायचं. माणूस किती वर्षं भित्रा राहू शकतो, याचा मला चांगला अनुभव आहे.

यंदा नवमीला पूजा केली. आप्पांनी स्वतः दस्त्याला कोरडं कुंकू लावलं. आईने नारळ फोडला आणि बंदुकीकडे बघून म्हणाली, "एकदा खोबरेल लावलंय तर अठरा वर्षां सुवास येता." आम्ही तिघंही हसलो. दसऱ्यानंतर मी शेवटची साफसफाई केली. टर्पेंटाइन, कोरडी चिंधी, चार थेंब तेल. दिवसभर कोपऱ्यात, तोंड खाली करून. मग परवाना आणि कागद घेऊन आप्पा आणि मी कल्याणला निघालो.

दुकान तेच, तेवढंच चिंचोळं. गल्ल्यावर आता काकांचा मुलगा बसतो, काका गेले. त्याने आप्पांना स्टूल दिलं, बंदूक मोडली, नळ्या दिव्याकडे धरल्या आणि शीळ घातली. "काय ठेवलीय हो! आतून आरसा आहे." मग कागदावर वर्णन लिहिता लिहिता त्याचा हात थांबला. "हा डाग कसला? कुणी पाडला?"

आप्पांनी घसा साफ केला. पाठ सरळ झाली. मला तो घसा साफ करण्याचा आवाज पाठ आहे.

"मी," मी म्हटलं. आवाज फारच मोठा आला, दुकानाबाहेरचा माणूस वळून बघू लागला. "मी पाडला. बारावीत होते. लोखंडाला ओलं कुंकू लावलं आणि वरून खोबरेल. आप्पांनी बजावून सांगितलं होतं, लावू नको म्हणून. आणि नंतर खोटंही बोलले. हलगर्जीपणा माझा, यांचा कधीच नव्हता."

मुलगा पेन धरून बघत राहिला. त्याला बिचाऱ्याला एका ओळीचं उत्तर हवं होतं. मला रडू येत होतं आणि अठरा वर्षांनी हलकंही वाटत होतं. आप्पांकडे बघायचा धीर होईना.

आप्पांनी हात पुढे केला, बंदूक मांडीवर घेतली. डागावरून एकदा अंगठा फिरवला. मग खटका सरकवला आणि बंदूक अलगद उघडली, आवाज न करता.

"एवढं सांगितलंस," ते म्हणाले, "तर बिजागरीला ग्रीस कुणी लावलं हुतं, ते बी सांग त्याला."